आधी मी, मग मज्जिगे

मित्रांनो, या घरातल्या प्रत्येकाची जीभ मला पाठ आहे. कोणाची शहाण्यासारखी पडून राहते, कोणाची मला चॉकलेट समजून चाटत बसते आणि कोणाची मी तोंडात असतानाही वळवळायची थांबत नाही, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा, टोकाला चंदेरी थेंब असलेला. ईऽऽ करू नका! लोकांच्या तोंडात जाणं हेच माझं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

माझा जन्म बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. आजूबाजूला लेथ मशीनचा खडखडाट चालायचा आणि त्यात आम्ही काचेची पोरं, एवढ्याशा आवाजानेही दचकणारी. आमची परीक्षा घ्यायला चंद्राबाई नावाच्या बाई असत. त्या आम्हाला कोमट पाण्यात उभं करायच्या आणि डोळा बारीक करून बघायच्या. पारा बरोबर रेघेवर थांबला की पास. नाही थांबला, तर बाजूच्या डब्यात. "खरं सांग रे राजा, नाहीतर काचेच्या ढिगात जाशील," असं त्या प्रत्येकाला म्हणायच्या. मी खरं सांगितलं. पास झालो! तेव्हापासून खरं सांगणं म्हणजे माझा जीव की प्राण.

माझ्या गळ्याशी काच जरा चिमटलेली आहे. त्यामुळे पारा एकदा वर चढला, की मी सहजासहजी खाली उतरत नाही. मला हातात धरून झटकावं लागतं. मी आहेच तसा हट्टी!

गांधी बाजारातल्या औषधांच्या दुकानातून मला गुंडूरावांनी विकत घेतलं. त्यांचं घर जवळच, बसवनगुडीत. त्यांचे पणजोबा कधीतरी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, भांडणात दोन्ही! गुंडूरावांचं पितळी समयांचं दुकान. माणूस असा बोलका, की समई घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कॉफी पिऊन, मुलीचं लग्न ठरल्याची बातमी सांगून, मग समई घेऊन जायचं. त्यांच्या बायकोचं नाव सुशीलाबाई. मला झटकायचा मान त्यांचा. मनगटाला एक झटका, हिरव्या बांगड्यांची किणकिण आणि माझा पारा खाली. ती किणकिण म्हणजे माझ्यासाठी शाळेची घंटाच होती.

किती ताप पाहिले म्हणून सांगू! गोवराचे पाहिले, पावसात भिजल्याचे पाहिले, आणि एक खोटासुद्धा पाहिला. त्यांचा मुलगा मोहनकुमार शाळेत होता तेव्हा गणिताच्या परीक्षेच्या दिवशी पांघरूण घेऊन कण्हत पडला. सुशीलाबाईंनी मला त्याच्या जिभेखाली ठेवलं. बाप रे! मी सरसर सरसर वर. आई घाबरली आणि मग तिने वास घेतला. फिल्टर कॉफी! पठ्ठ्या गरम कॉफीचा घोट तोंडात धरून बसला होता. तिने त्याला पाणी पाजलं, जरा वेळ समोर बसवून ठेवलं आणि मला पुन्हा लावलं. मी नेहमीच्या रेघेच्या वर चढलोच नाही. "चल ऊठ, सोंगाड्या!" म्हणत तिने त्याला कानाला धरून शाळेत नेऊन सोडलं. त्या दिवशी मला केवढं वाईट वाटलं होतं! माझा काय दोष? मला तोंडात जे मिळतं तेच मी सांगतो.

वर्षं गेली. मोहनकुमारने पुण्याच्या स्मिताशी लग्न केलं. स्मिता एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत नोकरीला. तिने येताना एक नवा थर्मामीटर आणला, प्लास्टिकचा, टूं टूं वाजणारा. "आई, हा सेफ आहे, फुटला तरी पारा सांडायची भीती नाही," ती म्हणाली. खरं होतं तिचं, त्यामुळे मी रागावलो नाही. फक्त मला ड्रॉवरमध्ये जावं लागलं. तिथे संपलेले सेल होते, रबरबँडचा गुंता होता आणि वाणीने लहानपणी पिल्लं होतील म्हणून ठेवलेलं मोरपीस होतं. वाणी म्हणजे मोहनकुमार आणि स्मिताची मुलगी. ती आजीला अज्जी म्हणते, आजोबांना अज्जा. पिल्लं झाली नाहीत. आम्ही सगळे गप्प पडून होतो.

मग या दिवाळीच्या सुमारास एक दिवस अचानक ड्रॉवर उघडला.

गुंडूरावांच्या यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये एक गाठ सापडली होती. लिंबाएवढीही नाही, पण वाईट जातीची. घरात कोणी मोठ्याने बोलेना. गुंडूरावसुद्धा! आणि गुंडूराव गप्प म्हणजे घरातला पंखा बंद पडल्यासारखं. सुशीलाबाईंनी मला पर्समध्ये टाकलं. "अगं आई, हॉस्पिटलात असतात की थर्मामीटर," मोहनकुमार म्हणाला. "असू देत. यांच्या जिभेची सवय याला आहे," एवढंच त्या बोलल्या. मित्रांनो, माझी छाती अशी फुगली की काच तडकते की काय!

त्यामुळे डॉक्टर शिल्पाश्री काय म्हणाल्या ते मी पर्समधून स्वतः ऐकलं. त्या म्हणाल्या, "पोट उघडायचं नाही, सार. सोनोग्राफीत बघत बघत एक बारीक सुई गाठीपर्यंत न्यायची. सुईच्या टोकातून रेडिओलहरी सोडायच्या. त्या उष्णतेने गाठ जागच्या जागी भाजून मरते."

"म्हणजे माझ्या आत वांग्याचं भरीत करणार तुम्ही," गुंडूराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी घरचे हसले.

काम नीट पार पडलं. गाठ पूर्ण भाजली गेली. गुंडूरावांचा उजवा खांदा मात्र दुखत होता, आणि सुईतून गेलेली वीज परत जावी म्हणून मांडीवर जी पट्टी चिकटवली होती तिथे कातडी लालबुंद झाली होती. "सुई पोटात, दुखतो खांदा, पोळली मांडी! तुमचा नकाशा चुकलाय, डॉक्टर," ते म्हणाले.

डॉक्टर हसल्या. "असं होतं काही जणांना, बरं होईल. स्वल्प तापही येईल. हलका ताप, थकवा, हे आठवडाभर चालतं. घाबरू नका." मग त्यांचं हसू थांबलं आणि त्या सुशीलाबाईंकडे वळल्या. "पण अम्मा, त्यानंतरही ताप राहिला, किंवा वाढला, हुडहुडी भरली, तर मला लगेच फोन करायचा. लगेच हं! जळालेल्या जागेत क्वचित पू होतो. यांना मधुमेह आहे, म्हणून यांची भीती जास्त. रोज ताप बघायचा."

"सरी डॉक्टर, बरं. मी बघीन," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्सवरून हात फिरवला. माझ्यावरून!

पहिले काही दिवस मी रोज थोडासा चढायचो. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. सगळं ठीक. पण सुशीलाबाईंच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. आत भाजलंय. नवऱ्याच्या पोटात आग लावली होती या लोकांनी, मग आता ती विझवायला नको? त्यांनी चार्जच घेतला. काकडीची कोसंबरी म्हणजे कोशिंबीर आली, सब्जाचं पाणी आलं आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मज्जिगे. म्हणजे ताक हो! पण बसवनगुडीतल्या घरात त्याला ताक म्हणाल तर पाहुणे समजतील. आलं, हिंग, कोथिंबीर घातलेलं, मातीच्या गाडग्यातलं आणि गाडगं फ्रिजमध्ये. गारेगार!

संध्याकाळचा क्रम ठरून गेला. गुंडूराव खुर्चीत बसायचे. अज्जी मोठा लोटाभर मज्जिगे द्यायची. ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. मग किणकिण, आणि मी जिभेखाली.

अहो, जीभ कसली, आइस्क्रीमचा कप तो! मी काय चढणार? थोडा वर जायचो आणि कुडकुडत थांबायचो.

"बघा!" अज्जी मला खिडकीच्या उजेडात धरून म्हणायची. "उतरला ताप. मज्जिगेचा गुण!" आणि दुसऱ्या दिवशी लोटा आणखी मोठा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो बाई, हा त्यांचा ताप नाही, हा तुमचा फ्रिज आहे! पण काचेला कुठे आवाज असतो? ज्या बाईने कॉफीचं सोंग वासावरून पकडलं होतं, तिलाच हे दिसेना. दिसणार कसं? कॉफी मुलाने लपवून प्यायली होती. मज्जिगे तर ती स्वतःच्या हाताने, जीव ओतून पाजत होती.

आठवडा उलटून गेला. गुंडूरावांना भर दुपारी थंडी वाजायला लागली. ते स्वेटर घालायचे, वर शाल, वर माकडटोपी. "कार्तिक आहे अगं, बेंगळुरूची थंडी," ते म्हणायचे आणि दात वाजू नयेत म्हणून ओठ घट्ट मिटून घ्यायचे. कारण काय, तर परिषे तोंडावर आली होती.

परिषे म्हणजे आमच्याकडची शेंगांची जत्रा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापाशी भरते. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे डोंगर! वाणी चालायला लागल्यापासून अज्जा तिला दरवर्षी परिषेला नेतात. भाव करण्याची कला ते तिला तिथेच शिकवतात. यंदा वाणी दहावीत, आणि यंदा भाव तिने करायचा असं ठरलं होतं. पुन्हा हॉस्पिटलात अडकलो तर परिषे चुकणार, म्हणून गुंडूराव थंडीचं नाव काढायला तयार नव्हते.

शनिवारी वाणी शाळेतून आली ती कागदाच्या पुडीत उकडलेल्या शेंगा घेऊनच. गाड्या दोन दिवस आधीच लागल्या होत्या. "अज्जाऽऽ! सलामीच्या शेंगा!" म्हणत तिने पुडी त्यांच्या हातात कोंबली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अज्जा, तुमचा हात इस्त्रीसारखा लागतोय."

"गरम शेंगा आणल्यास तू, म्हणून."

"शेंगा गार झाल्यात. आणि तुम्ही एकही सोलली नाही अजून."

अज्जी स्वयंपाकघरातून आली, हातात लोटा. गुंडूरावांनी तो रिकामा केला. किणकिण. मी आत. मी बाहेर. "अठ्ठ्याण्णव," अज्जी म्हणाली. "आहे काय त्यात?"

वाणीने मला अज्जीच्या हातून घेतलं, उलटसुलट केलं. "हा म्हातारा बिघडलाय!"

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कोणी बोललं नव्हतं मला. मी खोटा? मी, चंद्राबाईंच्या हातचा पास झालेला?

"थांब, आपला डिजिटल लावू," स्मिता म्हणाली. नवा आला, लागला, टूं टूं वाजला. त्यातही तेवढंच. "बघ वाणी, दोन्ही सेम दाखवतात. मग प्रॉब्लेम काय आहे? उगाच टेन्शन घेतेस."

"हा म्हातारा नाही गं खोटं बोलत," मोहनकुमार हसत म्हणाला. "आयुष्यात एकदाच बोलला, तेही मी कॉफी पाजून बोलायला लावलं म्हणून."

"कान लाल केला होता मी तुझा!" अज्जी म्हणाली. "गणिताचा पेपर होता आणि हा कण्हतोय. तोंडाला कॉफीचा घमघमाट!"

"आणि तू मला चपलेशिवाय शाळेत नेलंस."

"एक पायात होती!"

सगळे हसले. गुंडूरावसुद्धा, शालीत तोंड लपवून. फक्त वाणी हसायची थांबली. ती एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा रिकाम्या लोट्याकडे. मग ती तडक उठून फ्रिजकडे गेली, गाडगं काढलं आणि उभ्या उभ्या घटाघटा मज्जिगे प्यायली. मला झटकलं. अज्जीइतकं छान नाही, माझं डोकं टेबलाला लागता लागता वाचलं! आणि मला स्वतःच्या जिभेखाली ठेवलं.

मी पंच्याण्णवच्या आसपास जाऊन जो बसलो, तो हलेना.

"अज्जी," वाणी मला उजेडात धरून म्हणाली, "मी जिवंत आहे ना गं?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!"

"मग हे बघ ना! बाबाने गरम प्यायलं तर खोटा ताप चढला. मग गार प्यायलं तर खरा ताप लपेलच की!"

वाणीने गुंडूरावांची खुर्ची पुढे ओढली आणि समोर फतकल मारून बसली. "आता अज्जांनी काही प्यायचं नाही, काही खायचं नाही. मी या सगळ्या शेंगा सोलते. पुडी संपली की लावायचा."

"परवा सोमवार आहे गं, बाळा," गुंडूराव हळूच म्हणाले.

"माहितीय मला कोणता वार आहे," वाणी म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत. टरफलांचा ढीग वाढत गेला. अज्जी लोटा दोन्ही हातांत धरून तशीच उभी होती.

शेवटची शेंग सोलून झाली. अज्जीने मला झटकलं. आज किणकिण वेगळीच होती, तुटक तुटक. मी त्या ओळखीच्या जिभेखाली गेलो, आणि काय सांगू! ती जीभ म्हणजे तवा होती. मी चढलो. शंभरची रेघ मागे टाकली, एकशेदोनही मागे टाकली आणि वर जाऊन थांबलो. मित्रांनो, चढताना मला अजिबात आनंद होत नव्हता. पण इतक्या दिवसांनी मला खरं विचारलं होतं, आणि मी खरं सांगत होतो.

मोहनकुमारने डॉक्टर शिल्पाश्रींना फोन लावला. पलीकडून एकच वाक्य ऐकू आलं. "आत्ताच्या आत्ता घेऊन या."

अज्जी जागची हलली नाही. "मी रोज माझ्या हाताने..." एवढंच ती म्हणाली.

गुंडूरावांनी तिच्या हातातला लोटा काढून घेतला. "आत भट्टी पेटली होती, सुशीला. त्यात सुख एवढंच होतं, तुझ्या मज्जिगेचं. चल, पर्स घे. त्यालाही घे."

त्याला म्हणजे मला!

स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच निघालं. गाठ मेली होती, पण भाजलेल्या जागेत पू झाला होता. त्यांनी कातडीतून एक बारीक नळी घालून तो बाहेर काढायला सुरुवात केली आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. "गाठीचं काम चोख झालंय," त्या म्हणाल्या. "हे मागाहून आलेलं दुखणं आहे, आणि आज आलात म्हणून आटोक्यात आहे. अंगावर काढून परिषेत फिरला असतात सार, तर पू रक्तात पसरला असता. मग मी एवढ्या निवांतपणे बोलत उभी नसते." मग त्यांनी अज्जीच्या खांद्यावर हात ठेवला. "मज्जिगे बंद नका करू हं, अम्मा. फक्त ताप बघितल्यावर द्या. आणि पुन्हा कधी शंका आली, तर मला विचारायचं. मी रागावत नाही."

त्या रात्री मी पर्समध्ये निवांत झोपलो.

सोमवारी गुंडूराव हॉस्पिटलच्या पलंगावर होते. वाणी परिषेला एकटी गेली. म्हणजे स्मिता होती बरोबर, पण भाव एकटीने केला! संध्याकाळी ती पिशवी घेऊन आली आणि पलंगाशी उभी राहून तिने सगळा सीन करून दाखवला. "मी म्हटलं, अक्का, स्वल्प कम्मी माडी. तर ती म्हणाली, तुझे अज्जा कुठायत? ते दरवर्षी माझं डोकं खातात."

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, यंदा त्यांनी मला पाठवलंय डोकं खायला!"

"कमी केला भाव?"

"नाही. पण ओंजळभर शेंगा वर दिल्या. अज्जांना बरं वाटू दे म्हणाली."

गुंडूरावांनी पिशवी छातीशी धरली. पोटात नळी होती म्हणून त्यांना धड हसता येईना, तरी हसले, आणि मग ओय ओय करत पुन्हा हसले.

आता ते घरी आलेत. नळी निघाली, ताप निघाला, माकडटोपी कपाटात गेली. मीसुद्धा ड्रॉवरमध्ये परत गेलो नाही! माझी डबी आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते, आत कापसाची गादी. माझ्यासारखे पाऱ्याचे थर्मामीटर आता फारसे कोणी वापरत नाही, ते मला माहीत आहे. फुटलो तर माझा पारा घरात सांडेल आणि तो विषारी असतो. म्हणून गुंडूराव पुरते बरे झाले, की मोहनकुमार मला पारा नीट गोळा करणाऱ्यांकडे देणार आहे. मला त्याचं दुःख नाही. नोकरीचा शेवट असा झाला, आणखी काय हवं?

तोपर्यंत एक मागणं आहे, मित्रांनो. माझ्याशी किंवा माझ्या त्या टूं टूं भावाशी खेळू नका. मला गरम पाण्यात बुडवू नका, फुटलोच तर पाऱ्याला हात न लावता मोठ्यांना हाक मारा. आणि तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर गार-गरम काही प्यायल्यावर जरा थांबा, मगच मला विचारा. मी सांगेन ते आवडलं नाही तरी लपवू नका. माणसाचा हात तापलेला लागतोय आणि मी नाही म्हणतोय, असं झालं तर माझ्यावरही शंका घ्या. वाणीने घेतली होती. मला म्हातारा म्हणाली, बिघडलेला म्हणाली, पण तिचं चुकलं नाही.

आज संध्याकाळीही गुंडूराव खुर्चीत बसले होते. एका मुठीत परिषेच्या शेंगा, समोर अज्जी, तिच्या हातात गार मज्जिगेचा लोटा. त्यांनी हात पुढे केला, तर अज्जीने लोटा पाठीमागे नेला.

"आधी तो," ती म्हणाली.

किणकिण! मी जिभेखाली गेलो. "अगं पण मी काय म्हणतो," गुंडूराव माझ्याभोवतीच बोलायला लागले. "तोंड मिटा!" अज्जी आणि वाणी एकदम ओरडल्या. जीभ नाइलाजाने गप्प झाली. छान कोमट होती, कॉफी नाही, बर्फ नाही, नुसती गुंडूरावांची. मी सावकाश चढलो आणि जिथे थांबायला हवं, बरोबर तिथे थांबलो.

अज्जीने मला उजेडात धरून पाहिलं. मग पाठीमागचा लोटा पुढे आला.